आजोबांची वही आणि दादाचा रिपोर्ट

पत्र थोडक्यात: तळकोकणातल्या एका गावात शिक्षिका असलेल्या वाचकाचं हे पत्र. त्यांचे आजोबा मधुमेहावर सप्तरंगीच्या मुळीचा काढा देत, पैसे घेत नसत. आजोबा गेले, पण त्यांची वही घरात आहे आणि लोक अजून दारात येतात. पुण्यातल्या मोठ्या भावाने मुळीचं चूर्ण एका खासगी प्रयोगशाळेत तपासून घेतलं. रानातल्या वेली विरळ झाल्यामुळे मुळी त्याने बाजारातून आणली होती. चूर्णाचा मेथॅनॉलमध्ये (एक प्रकारचं अल्कोहोल) काढलेला अर्क ‘अल्फा-ग्लुकोसिडेज’ हे पिष्ट आणि साखर फोडणारं एन्झाइम 80 टक्क्यांहून जास्त रोखतो, असा रिपोर्ट आला. भावाला आता 500 मिलिग्रॅमच्या कॅप्सूल करून विकायच्या आहेत. वडील 64 वर्षांचे, मधुमेह 14 वर्षांचा. रिपोर्ट पाहून दोन महिन्यांपूर्वी त्यांनी डॉक्टरांच्या दोन्ही गोळ्या बंद केल्या आणि रोज सकाळी सहाला रिकाम्या पोटी काढा घेऊ लागले. उपाशीपोटीची शुगर 130-140 असायची, ती आता 190 च्या खाली येत नाही. संध्याकाळी पाय सुजतात. पत्रासोबत वहीच्या दोन पानांचे फोटो आहेत. प्रश्न असे: पुढच्या सगळ्या चाचण्या केल्या तर निकाल लागेल का, त्या कुठे करायच्या, आणि शंका घेणं म्हणजे आजोबांवर अविश्वास दाखवणं का?

ताई,

चाचण्यांचं नंतर बोलू. आधी बाबा.

उपाशीपोटी 190 आणि सुजलेले पाय, या दोन गोष्टी एकत्र वाचल्यावर मला राहवलं नाही. सूज मूत्रपिंडामुळे असू शकते, हृदयामुळे असू शकते, आणखी कशामुळे असू शकते. ते घरी बसून ठरवता येत नाही. बाबांना याच आठवड्यात त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे न्या. जाण्याआधी आजच फोन करा आणि स्पष्ट सांगा, की गोळ्या दोन महिने बंद आहेत आणि काढा चालू आहे. रागावतील म्हणून काढ्याचं लपवू नका. घाबरून आज रात्री सगळ्या गोळ्या काढ्यासकट एकदम सुरूही करू नका. दोन्ही मिळून शुगर एकदम उतरू शकते, म्हणून कोणती गोळी किती घ्यायची ते डॉक्टरांनाच ठरवू द्या. एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर), क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन (या दोन्हींवरून मूत्रपिंडं कशी आहेत ते कळतं), यकृताची तपासणी आणि डोळ्यांचा पडदा, एवढं करून घ्या. त्याआधीच उलट्या, खूप तहान, धाप किंवा गुंगी दिसली, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता सरळ दवाखाना गाठा.

एक बारीक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. आतड्यात साखरेचं विघटन रोखणारं औषध पोटात असताना शुगर उतरून घाम आला, हात थरथरले, तर साखर किंवा गूळ खाऊन लवकर फरक पडत नाही. कारण साधी साखर फोडणारं एन्झाइमच अडवलेलं असतं. ॲकार्बोज नावाची मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांना हे आवर्जून सांगितलं जातं. सप्तरंगीचं काम त्याच जातीचं आहे, म्हणून घरात ग्लुकोज पावडरचा डबा ठेवा.

आता तुमच्या वहीकडे येते. मी 31 वर्षं औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयात वनौषधी शिकवल्या. तुमच्या आजोबांची दोन पानं मी तीनदा वाचली. त्यांनी लिहिलंय: “जेवणाआधी पाव वाटी.” पुढे, “रात्री भात बंद.” त्याखाली, “पोटुशी बाई, नाही.” आणि पानाच्या अगदी कडेला, शाई बदललेली आहे म्हणजे नंतर कधीतरी, “पाय सुजले असतील त्यास देऊ नये, तालुक्यास पाठवणे.”

ताई, आजोबा आज असते तर त्यांनी स्वतःच्या मुलाला हा काढा दिला नसता. तालुक्याला पाठवलं असतं. बाबांना गोळ्यांबद्दल काही सांगण्याआधी ती ओळ त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. तुमच्या बोलण्याने जे होणार नाही ते त्यांच्या वडिलांच्या अक्षराने होईल, असं मला मनापासून वाटतं. अविश्वासाच्या प्रश्नाचं माझं उत्तरही तिथेच आहे. शंका घेण्याचं काम आजोबांनीच सुरू केलं होतं. कुणाला गुण आला, कुणाला आला नाही, कुणाचं बिघडलं, हे पाहिल्याशिवाय ती कडेची ओळ लिहिली गेली नसती. घरातल्यांनी त्यांच्या औषधातली मुळी तेवढी उचलली आणि बाकी वही मिटून ठेवली.

“जेवणाआधी” हा शब्दही सोडू नका. 1997 साली जपानी संशोधकांनी सप्तरंगीच्या श्रीलंकेतल्या बहिणीतून, तिकडे तिला कोथला हिंबुटू म्हणतात, सॅलॅसिनॉल नावाचं द्रव्य वेगळं केलं. ते आतड्यातल्या अल्फा-ग्लुकोसिडेजला अडवतं, म्हणजे भातभाकरीतल्या पिष्टाची साखर व्हायला वेळ लागतो आणि जेवणानंतरची उसळी कमी होते. जेवणच पोटात नसेल तर अडवायचं काय? सकाळी सहाला रिकाम्या पोटी घेतलेला काढा आणि नऊ वाजताची आंबोळी यांची गाठच पडत नाही. आणि नीट जेवणाआधी घेतला, तरी उपाशीपोटीची शुगर मुख्यतः रात्रभर यकृत किती साखर सोडतं त्यावर ठरते. तिथे या मुळीचा हात फारसा पोचत नाही. गर्भवतीचंही तसंच. त्याच श्रीलंकेतल्या मुळीचा अर्क गाभण उंदरांना दिला तेव्हा गर्भ टिकण्यावर वाईट परिणाम दिसला. प्रयोगशाळेला हे कळण्याच्या कितीतरी आधी तुमच्या वहीत “नाही” लिहिलेलं होतं.

आता दादाचा रिपोर्ट. तो खोटा आहे असं मी म्हणत नाही. प्रश्न असा, की प्रयोगशाळेला विचारलं काय होतं? एका छोट्या खळग्यात एन्झाइम घेतात, त्यात अर्क टाकतात, रंग किती उमटला ते यंत्राने मोजतात. रंग कमी, म्हणजे एन्झाइम अडलं. साधी, झटपट, स्वस्त चाचणी. माझ्या विद्यार्थ्यांनी ती शेकड्यांनी केली आहे. पण हे एन्झाइम बहुतेक वेळा यीस्टचं असतं, माणसाच्या आतड्यातलं नसतं. यीस्टच्या एन्झाइमवर ॲकार्बोजसारखं खरंखुरं औषधही फिकं पडतं, म्हणून “आमचा अर्क ॲकार्बोजपेक्षा सरस” अशी वाक्यं शोधनिबंधांत ढिगाने सापडतात. शिवाय तुरट द्रव्यं कुठल्याही प्रथिनाला चिकटून बसतात आणि त्याचं काम मंदावतात. तुमच्या स्वयंपाकघरातली चहापूड त्याच प्रयोगशाळेत पाठवली असती तर तिचाही आकडा बरा आला असता. हिरड्याचाही आला असता. किती तीव्रतेच्या अर्काला 80 टक्के, हे रिपोर्टमध्ये पाहा. ते लिहिलेलंच नसेल, तर त्या आकड्यावरून काहीच ठरवता येत नाही.

आणि तपासलं ते आजोबांचं औषध नव्हतंच. आजोबा रानातली ओळखीची मुळी पाण्यात उकळत. दादाने बाजारातली मुळी दिली आणि प्रयोगशाळेने ती मेथॅनॉलमध्ये भिजवली. मुळी कोणती, हे कुणी पाहिलं का? सप्तरंगीची जाड मुळी आडवी कापली की एकात एक तांबूस-पिवळी वलयं दिसतात, नाव त्यावरूनच पडलं. पण बाजारात तुकडे आणि भुकटी येते, आणि भुकटीला वलयं नसतात. माझ्याकडे एकदा एक विद्यार्थिनी सप्तरंगीच्या तीन दुकानांतल्या तीन पुड्या घेऊन आली. पातळ थराच्या काचेच्या प्लेटवर तिन्ही अर्कांचे ठिपके शेजारी शेजारी लावले, द्रावक वर चढू दिला आणि प्लेट अतिनील दिव्याखाली धरली. दोन रांगांत पट्टे एकाच उंचीवर चमकले. तिसऱ्या रांगेत एकही पट्टा जुळला नाही. ती पुडी कसली होती ते शेवटपर्यंत कळलं नाही, आणि लोक ती घेत होते.

ओळख चुकली की काय होतं, याचं ब्रुसेल्सचं उदाहरण मी दर वर्षी वर्गात सांगत असे. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या एका क्लिनिकमध्ये वजन कमी करण्यासाठी चिनी वनौषधी देत. चिनी नावं सारखी असल्यामुळे एका मुळीच्या जागी ॲरिस्टोलोकिया नावाच्या वेलीची मुळी गेली. शंभराहून अधिक बायकांची मूत्रपिंडं खराब झाली, पुष्कळांना डायलिसिस किंवा प्रत्यारोपणाची वेळ आली, आणि काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. आपल्याकडची सापसंद याच घराण्यातली. तिचंही नाव औषधी म्हणूनच घेतलं जातं.

तर, पुढच्या चाचण्यांनी निकाल लागेल का? तुमच्या मनात चाचण्यांची एक शिडी आहे: खालची पायरी एन्झाइम, मग उंदीर, मग माणूस, आणि वर “सिद्ध” असा शिक्का. पण प्रत्येक पायरीवरचा प्रश्न वेगळा असतो. उंदरांचंच घ्या. त्यांना बहुधा स्ट्रेप्टोझोटोसिन टोचून स्वादुपिंडातल्या इन्सुलिन करणाऱ्या पेशी मारतात. बाबांचा मधुमेह तसा झालेला नाही. मात्रेचा हिशेब तर दादाला कागदावर करायला लावा. समजा, एखाद्या निबंधात उंदराला किलोमागे 250 मिलिग्रॅम अर्क दिला. प्रयोगशाळेतल्या मोठ्या उंदरावरून (रॅट) माणसाची मात्रा काढताना, अंगाच्या आकारातला फरक धरण्यासाठी, त्या आकड्याला 37 ने भागून 6 ने गुणतात, म्हणजे किलोमागे साधारण 40 मिलिग्रॅम. 60 किलोच्या माणसाला झाले 2.4 ग्रॅम. तेही अर्काचे. दहा किलो मुळीतून एक किलो अर्क निघतो असं धरलं, तर रोज 24 ग्रॅम मुळी लागली. दादाच्या 500 मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये साधं चूर्ण असेल, तर रोज 48 कॅप्सूल! दोन घेऊन काय होणार? आणि एका माणसाला वर्षाला पावणेनऊ किलो वाळलेली मुळी. मूळ खणलं की वेल गेली. तुमच्या रानात वेली का विरळ झाल्या, ते या आकड्यात दिसतं.

मी वनौषधींच्या विरोधात आहे असं समजू नका. माझं आयुष्य त्यांच्यात गेलं. बाबांना हेही सांगा, की त्यांनी बंद केलेल्यांत मेटफॉर्मिन असेल (14 वर्षांच्या मधुमेहात बहुधा असतंच), तर तिचाही वंश झाडाचाच आहे. युरोपात गलेगा नावाचं एक झुडूप आहे. त्यातलं गलेगिन शुगर उतरवायचं, पण विषारी होतं. त्याच्या जातकुळीचं मेटफॉर्मिन 1922 मध्ये प्रयोगशाळेत तयार झालं आणि 1957 साली फ्रान्समध्ये झां स्टेर्न या डॉक्टरांनी ते मधुमेहींना दिल्याचं प्रसिद्ध केलं. पस्तीस वर्षं मध्ये गेली. झाडपाला विरुद्ध गोळी हे भांडण बाबांच्या मनात कुणी घातलं असेल, तर ते तिथून काढा.

आणि आपल्या मुंबईची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. सर्पगंधा ही आपल्याकडची जुनी मुळी, बिहारकडे वेडावरचं औषध म्हणून ओळखली जाणारी. 1931 मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहून ठेवलं, की तिने रक्तदाब उतरतो. मग मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी वर्षानुवर्षं रुग्णांना ती दिली, रक्तदाब आधी मोजला, देताना मोजला, बंद केल्यावर मोजला, आणि 1949 मध्ये 50 रुग्णांचा अभ्यास ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला. जग जागं झालं. 1952 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रिझर्पिन वेगळं निघालं आणि उच्च रक्तदाबावर गुणकारी ठरलेल्या पहिल्या काही औषधांत त्याची गणना झाली. पण हजारो लोक घेऊ लागले तेव्हा कळलं, की काहींचं मन त्याने खोल उदास होतं. पन्नास रुग्णांत जे नीट दिसत नाही ते हजारांत दिसतं. वकील यांच्याकडे होता रक्तदाब मोजायचा पट्टा, एक वही आणि धीर. तुमच्याकडे वही आहे, आणि ग्लुकोमीटर आज औषधाच्या दुकानात मिळतो.

मधुमेहावर माणसांत तपासलेल्या आपल्या वनस्पतीही आहेत. विजयसारचा, ज्याच्या लाकडाचे पेले विकतात, भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने अनेक केंद्रांवर अभ्यास केला आणि 1998 मध्ये छापला. 97 पैकी 67 रुग्णांची शुगर बारा आठवड्यांत आटोक्यात आली. पण हे रुग्ण नव्याने मधुमेह कळलेले होते, आणि विजयसार न घेणारा तुलनेचा गट त्यात नव्हता. चौदा वर्षांच्या मधुमेहीने गोळ्या टाकून पेल्यातलं पाणी प्यावं, असं त्यातून निघत नाही. वनौषधींचा कुठलाही अभ्यास हाती आला, की आधी पाहावं: तपासलेली माणसं माझ्यासारखी होती का?

दादाला खरंच काही करायचं असेल, तर मी क्रम सांगते. पहिल्यांदा ओळख. मुळीसोबत पानं, फूल किंवा फळ असलेली फांदी वर्तमानपत्रात दाबून वाळवा, कुठून कधी घेतली ते लिहा. पुण्यात आघारकर संशोधन संस्था आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र, मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयाचं ब्लॅटर हर्बेरियम (वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह), या तिन्ही ठिकाणी वनस्पतीची खात्रीशीर ओळख करून मिळते. त्यानंतर शुद्धता. आयुर्वेदिक औषधसंहितेत शिशाची मर्यादा दशलक्षात 10 भाग, आर्सेनिकची 3, पाऱ्याची 1 आणि कॅडमियमची 0.3 आहे. बुरशीचं विष आणि जंतूही पाहावे लागतात. बाजारातल्या तयार चूर्णांत गुपचूप ॲलोपॅथीची गोळी कुटून घातलेली सापडते. मधुमेहाच्या पुड्यांत ग्लिबेनक्लामाइड, सांधेदुखीच्या पुड्यांत स्टेरॉइड. झटपट गुण येणाऱ्या कुठल्याही पुडीबाबत आधी हीच शंका घ्यावी. गुण येतो की नाही, हा प्रश्न या दोन्हींनंतर, आणि तो घरच्यांनी खासगी प्रयोगशाळेत पैसे भरून सुटत नाही. त्यासाठी बेळगावच्या राष्ट्रीय पारंपरिक औषध संस्थेसारख्या ठिकाणी वही दाखवावी. तुम्हाला ते जवळही आहे. तिथे माणसांवर अभ्यास ठरलाच, तर नीतिसमितीची परवानगी आणि देशाच्या चाचणी-नोंदणीत नोंद लागते.

तोवर कॅप्सूल नको. परवान्याशिवाय औषध बनवून विकणं 1940 च्या औषध कायद्यात बसत नाही, आणि मधुमेह बरा करतो अशी जाहिरात 1954 च्या आक्षेपार्ह जाहिराती कायद्याने सरळ गुन्हा ठरते. दादाला हे भांडणाच्या सुरात सांगू नका. त्याला आजोबांचं नाव मोठं करायचंय, हे पत्रातही दिसतं. त्याला सांगा, की नाव टिकवायचं तर वही आधी ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे न्यायची आणि लोक जैवविविधता नोंदवहीत गावाचं ज्ञान म्हणून नोंद करायची. केरळमध्ये काणी आदिवासींनी दाखवलेल्या आरोग्यपच्चा या वनस्पतीपासून औषध झालं, तेव्हा तिथल्या संशोधन संस्थेने मिळालेल्या पैशातला निम्मा वाटा काणींना देण्याचं ठरवलं. लेखी नोंद असली तर असं बोलायला जागा राहते.

दारात येणाऱ्यांचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण तो प्रश्न रोज तुमच्याच अंगावर येतो आहे. त्यांना मुळी देऊ नका. “नाही” म्हणताना आजोबांसारखं म्हणा: बसवा, पाणी द्या, पायांवर सूज आहे का पाहा, शेवटची शुगर कधी तपासली ते विचारा, रात्रीच्या भाताचं विचारा, आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचा वार सांगा. आलेल्या प्रत्येकाला शुगरचा कागद आणायला सांगितलंत, तरी पुष्कळ काम होईल.

शाळेच्या कुंपणाला जागा असेल तर पिकलेल्या केशरी फळांतलं बी मुलांकडून लावून घ्या. वेल वाढायला वर्षं लागतात, म्हणून या पावसाळ्यातच लावा.

डॉक्टरांकडे जाताना वही सोबत न्या, कडेची ती ओळ त्यांनाही दाखवा. आणि बाबांच्या क्रिएटिनिनचा आकडा आला की मला कळवा. मी वाट पाहते आहे.